जुन्या संगणकात नवीन हार्ड डिस्क जोडणे

जुन्या संगणकात नवीन हार्ड डिस्क जोडणे ही संगणक दुरुस्तीतील एक नेहमीची प्रक्रिया आहे. मूळ डिस्क नादुरुस्त झाल्यास, तिची क्षमता अपुरी पडल्यास किंवा संगणकाचा वेग वाढवायचा असल्यास ती केली जाते. संगणक आणि डिस्क यांच्या निर्मितीत बऱ्याच वर्षांचे अंतर असेल, तर नवी डिस्क ओळखली जात नाही, तिची क्षमता कमी दिसते किंवा तिच्यावरून संगणक सुरू होत नाही. अशा वेळी डिस्कच सदोष असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात अनेकदा जोडणी, बायॉस, पार्टिशन तक्ता व ऑपरेटिंग सिस्टिम या चार टप्प्यांपैकी एखादा टप्पा नव्या डिस्कच्या मानाने जुना असतो.

पार्श्वभूमी

आयबीएमने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या पीसी एक्सटी या संगणकात १० एमबी क्षमतेची हार्ड डिस्क होती. पुढील काळात डिस्कची क्षमता लाखो पटींनी वाढली. परंतु प्रत्येक पिढीतील संगणक त्या वेळी पुरेशा वाटलेल्या मर्यादा गृहीत धरून बनवले गेले.

महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेडचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक प्रशिक्षण शहरांबाहेरही पोहोचले. बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या गावात शाळा, छायाचित्रकार किंवा टंकलेखन व छपाईचा व्यवसाय करणारे यांच्यासाठी चालू स्थितीतील संगणक टाकून देण्यापेक्षा केवळ डिस्क बदलणे कमी खर्चाचे ठरते. मात्र डिस्क विकत घेण्यापूर्वी संगणकाच्या मर्यादा माहीत असणे आवश्यक असते.

जोडणीचे प्रकार

साधारणपणे २००३ पूर्वीच्या संगणकांत आयडीई जोडणी आढळते. तिची केबल रुंद व चपटी असून जोडणीला ४० पिना असतात. एका केबलवर दोन उपकरणे जोडता येतात. त्यांपैकी एक 'मास्टर' व दुसरे 'स्लेव्ह' असल्याचे डिस्कवरील जंपर या छोट्या जोडतुकड्याने ठरवावे लागते. दोन्ही उपकरणे मास्टर ठेवल्यास एक किंवा दोन्ही ओळखली जात नाहीत.

त्यानंतर आलेल्या साटा जोडणीत अरुंद केबल वापरली जाते व प्रत्येक केबलवर एकच डिस्क असते. त्यामुळे जंपरने क्रम ठरवावा लागत नाही. साटाचा वेग प्रतिसेकंद १.५, ३ व ६ गिगाबिट असा वाढत गेला. नवी डिस्क सहसा जुन्या वेगाशी जुळवून घेते. परंतु पहिल्या पिढीतील काही चिपसेटना हे जमत नाही. अशा वेळी, डिस्कवर तशी सोय असल्यास, जंपर लावून तिचा वेग १.५ गिगाबिटपर्यंत मर्यादित करतात. फक्त आयडीई जोडणी असलेल्या संगणकात साटा डिस्क बसवण्यासाठी परिवर्तक किंवा पीसीआय कार्ड लागते.

काही नव्या डिस्कमध्ये वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट दाब मिळाल्यास डिस्क बंद ठेवण्याची सोय असते. जुन्या पॉवर सप्लायमधून त्या पिनेवर हा दाब सतत येत असल्याने अशी डिस्क फिरतच नाही.

क्षमतेच्या मर्यादा

संगणक डिस्कवरील प्रत्येक सेक्टर क्रमांकाने ओळखतो. हा क्रमांक लिहिण्यासाठी किती बिट राखून ठेवले आहेत, यावर डिस्कची कमाल वापरण्याजोगी क्षमता ठरते. पुढील मर्यादा ५१२ बाइटच्या सेक्टरसाठी आहेत.

• ५२८ एमबी : १०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर या पद्धतीची मर्यादा.
• ८.४ जीबी : बायॉसच्या जुन्या डिस्क सेवेची मर्यादा.
• १३७ जीबी : २८ बिटांच्या सेक्टर क्रमांकाची मर्यादा. ४८ बिटांच्या क्रमांकामुळे ती दूर झाली. विंडोज एक्सपीमध्ये २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून या मोठ्या डिस्कसाठी आधार मिळाला.
• २.२ टीबी : एमबीआर या पार्टिशन तक्त्यातील ३२ बिटांच्या क्रमांकाची मर्यादा. त्यापुढे जीपीटी हा तक्ता वापरावा लागतो.

यांपैकी १३७ जीबीची मर्यादा माहितीच्या दृष्टीने विशेष धोकादायक आहे. नव्या संगणकावर पार्टिशन केलेली मोठी डिस्क ४८ बिटांचा आधार नसलेल्या संगणकाला जोडल्यास क्रमांकातील वरचे बिट गळू शकतात. त्यामुळे डिस्कच्या शेवटी लिहायची माहिती सुरुवातीच्या भागावर लिहिली जाऊन तेथील फाइली नष्ट होतात. डिस्क सुरुवातीला व्यवस्थित चालते आणि ती भरत आल्यावरच बिघाड दिसतो.

क्षमता थोडी कमी दिसणे हा दोष नसतो. उत्पादक १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मानतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते; त्यामुळे १ टीबीची डिस्क सुमारे ९३१ जीबी दिसते.

बायॉस व ऑपरेटिंग सिस्टिम

साटा डिस्क बायॉसमध्ये आयडीई किंवा एएचसीआय या पद्धतीने चालवता येते. विंडोज एक्सपीच्या मूळ सीडीमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर नसल्याने स्थापनेच्या वेळी डिस्क सापडत नाही. तेव्हा ड्रायव्हर वेगळा पुरवावा लागतो किंवा बायॉसमध्ये आयडीई पद्धत निवडावी लागते. मदरबोर्डवरील बॅटरी संपल्यास ही निवड पुसली जाते आणि कालपर्यंत चालणारा संगणक सुरू होताना निळा पडदा दाखवू शकतो.

एक्सपीची ३२ बिट आवृत्ती जीपीटी डिस्क वाचू शकत नाही. विंडोज ७ ची ६४ बिट आवृत्ती अशा डिस्कवरून सुरू करण्यासाठी यूईएफआय लागते. नवी, पार्टिशन न केलेली डिस्क बायॉसमध्ये दिसूनही 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून तिचे पार्टिशन व फॉरमॅट करावे लागते.

जुनी माहिती हलवणे

जुनी डिस्क खडखड आवाज करत असेल किंवा वाचनात अडखळत असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढणे हिताचे असते. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना फॉरमॅट करण्यापूर्वी उत्पादकाचे नाव व क्षमता पाहून योग्य डिस्क निवडल्याची खात्री करतात. चुकीची डिस्क निवडल्यास एकमेव प्रत नष्ट होऊ शकते. मराठवाड्यासह राज्याच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले आहे. प्रत काढताना वीज गेल्यास काम अर्धवट राहते व पार्टिशन बदलताना गेल्यास माहिती गमावण्याचा धोका असतो. म्हणून यूपीएस वापरणे इष्ट ठरते.

मराठी मजकुराबाबत आणखी एक अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी व सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या प्रणालींतील फाँट वापरून लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका व पुस्तके तयार होत. अशा फाइलींत देवनागरी अक्षरांचे युनिकोड संकेत नसतात. केवळ फाइल नव्या डिस्कवर नेल्यास मजकूर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या रूपात दिसतो. म्हणून फाँट व संबंधित प्रणाली जुनी डिस्क चालू असतानाच जतन करणे आणि शक्य असल्यास मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आवश्यक असते.

तपासणीचा क्रम

डिस्क फिरते का, बायॉसमध्ये तिचे नाव व पूर्ण क्षमता दिसते का, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती आढळते का आणि शेवटी तिच्यावरून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होते का, या क्रमाने तपासणी केली जाते. ज्या टप्प्यावर डिस्क अडते, त्याच टप्प्यावर कारण शोधले जाते. डिस्क दुसऱ्या, नव्या संगणकावर पूर्ण क्षमतेने चालत असेल, तर दोष डिस्कमध्ये नसून जुन्या संगणकाच्या मर्यादेत असण्याची शक्यता अधिक असते.

हे सुद्धा पहा

• हार्ड डिस्क
• बायॉस
• सॉलिड स्टेट ड्राइव्ह
• युनिकोड