पंचवटी, त्रिरश्मी आणि आपल्या वास्तूंचे जतन

वास्तू बोलत नाही असे म्हणतात. परंतु कोणाची वास्तू टिकते आणि कोणाची पुसली जाते, यावरून समाजाचा इतिहास कोणाच्या हाती आहे ते कळते. नाशिकची पंचवटी हे याचे ठळक उदाहरण होय. गोदावरीच्या डाव्या तीरावरील या वस्तीत देवळे, घाट, धर्मशाळा व वाडे यांची दाटी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधलेले काळाराम मंदिर त्यांत सर्वांत भव्य. त्याचा काळा दगड रामशेज डोंगराच्या खाणीतला. सभोवती उंच तट आणि तटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत.

यात्रेकरू या दरवाजांतून दर्शनास जातात. आमच्या दृष्टीने मात्र या दरवाजांचे महत्त्व निराळे आहे. 2 मार्च 1930 रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार अस्पृश्य स्त्री-पुरुषांची शिस्तबद्ध मिरवणूक येथे आली, तेव्हा हे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली व तेथे तिचे सभेत रूपांतर झाले. दुसऱ्या दिवशी 125 पुरुष व 25 स्त्रिया यांची पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. सत्याग्रह समितीचे चिटणीस कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी हा लढा पुढे वर्षानुवर्षे चालविला. 9 एप्रिल 1930 रोजी, रामनवमीच्या रथाच्या वेळी, सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला.

3 मार्च 1934 च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेबांना स्पष्ट कळविले की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा सुरू केला नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी हा हेतू होता. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. म्हणजे काळारामाचे बंद दरवाजे हे आपल्या धम्मप्रवासातील एक साक्षीदार आहेत. मंदिर ज्यांचे असेल त्यांचे असो. त्या दरवाजांबाहेरची जमीन, गल्ल्या आणि घाट यांचा इतिहास आपला आहे.

हा इतिहास जतन करताना एक अडचण येते. राजेसरदारांची स्मारके दगडाची असतात, तर चळवळीची स्मारके कापडाची, पत्र्याची आणि कच्च्या विटांची असतात. ज्या मंडपात 2 मार्च 1930 ची परिषद भरली, तो त्याच कामापुरता उभारलेला होता. सत्याग्रहींच्या बिऱ्हाडांना आणि वस्तीतल्या चावडीला तट नव्हते. 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरण्यास वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. 1930 ते 1960 या तीन दशकांतील वास्तू या कसोटीस अजून उतरत नाहीत. आणि तोवर त्या उरतील याची शाश्वती कोणी द्यावी?

वयाची अट हा सर्वत्र अडथळा ठरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील 1930 च्या दशकातील इमारतींचा 2018 साली जागतिक वारशात समावेश झाला, तो योग्यच होता. परंतु त्याच दशकाने दादरचे राजगृह दिले, आणि त्याआधी बाबासाहेब दोन दशके परळच्या बी. आय. टी. चाळीत राहिले. दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखाना 25 जून 2016 च्या पहाटे पाडण्यात आला. वास्तू धोकादायक असल्याचे आणि तिच्या जागी बहुमजली इमारत उभी राहणार असल्याचे सांगितले गेले. नवी इमारत कितीही उंच झाली, तरी ज्या खोलीत आपली पत्रे छापली गेली ती खोली तीत असू शकत नाही.

दोष केवळ परक्यांना देऊन भागणार नाही. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या वस्त्यांत वर्गणीतून लहान विहारे उभी राहिली. मातीच्या वा विटांच्या भिंती, वर पत्रा, आत तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर, दारावर देणगीदारांच्या नावांची पाटी, एवढाच त्यांचा थाट. मजुरी करणाऱ्यांनी आणे-आणे जमवून ती बांधली. आज आपणच श्रद्धेने ती पाडतो व जागी संगमरवरी फरशीचे विहार बांधतो. विहार मोठे व्हावे यात गैर काहीच नाही. परंतु जुनी पाटी भंगारात जाते, तेव्हा त्या पहिल्या पिढीचे दान पुसले जाते.

या बाबतीत आपणांस धडा घेण्यास फार दूर जावयास नको. नाशिकच्या नैर्ऋत्येस त्रिरश्मी पर्वतावर बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. मात्र तेथील शिलालेखांत पांडव नाहीत, भिक्खुसंघ आहे. चैत्यगृहाच्या दारावरील लेख ते धंभिक गावाचे दान असल्याचे सांगतो. एका गावाने सामुदायिक दान दिले आणि ते दगडावर कोरले, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही आपण त्या गावाचे नाव घेतो. वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या काळच्या लेखात लेण्याच्या देखभालीसाठी भद्रायणीय भिक्खूंना गाव दिल्याची, व ते बदलून दुसरे गाव दिल्याची नोंद आहे. वास्तू बांधण्याइतकेच तिची निगा राखणे हेही पुण्यकर्म मानले जात होते, असा याचा अर्थ आहे.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, जुने विहार, वसतिगृह वा समाजमंदिर पाडण्यापूर्वी त्याचा नकाशा काढावा, चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, वृद्धांकडून बांधणाऱ्यांची नावे लिहून घ्यावीत. कोनशिला व देणगीदारांची पाटी नव्या वास्तूत दर्शनी भागी बसवावी. शक्य तेथे जुनी वास्तू ठेवून शेजारी नवी बांधावी. पंचवटीत सिंहस्थाच्या निमित्ताने आणि 'रामकाल पथ' योजनेमुळे काळाराम मंदिर ते रामकुंड या परिसराचे रूप पालटू घातले आहे. ज्या वाटेने 1930 ची मिरवणूक गेली ती वाट, ते दरवाजे व तो घाट यांची नोंद या कामांत व्हावी, अशी मागणी आपल्या संस्थांनी लेखी स्वरूपात, नकाशासह करावी.

2 मार्च 2030 रोजी सत्याग्रहास शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी भाषणे होतील, मिरवणुका निघतील. परंतु नव्या पिढीने 'नेमके कोठे?' असे विचारले, तर बोट दाखविण्यास जागा शिल्लक असली पाहिजे. धंभिक गावाने आपले दान दगडात कोरून ठेवले. आपण किमान कागदावर तरी उतरवून ठेवावे.