सवलतींवर वसलेले शहर : वूच

मध्य पोलंडमधील वूच या शहराच्या नावाचा अर्थ ‘होडी’ असा असला, तरी तेथे मोठी नदी नाही, आणि १४२३ मध्ये नगराचा दर्जा मिळूनही पुढची जवळपास चार शतके ते लहानसे गावच राहिले. त्याचे नशीब पालटले ते १८२० मध्ये, जेव्हा रशियाच्या झारच्या आधिपत्याखालील पोलिश राज्याच्या सरकारने त्याला ‘कारखान्यांची वसाहत’, म्हणजे बाहेरच्या कारागिरांना सवलती देऊन वसवण्याची जागा, ठरवले. जर्मन मुलखांतून आणि बोहेमियातून आलेल्या विणकरांना जमीन, सरकारी जंगलातले लाकूड आणि काही वर्षांची करमाफी मिळाली. त्यांची घरे बैठी व लाकडी असत; मधल्या बोळाच्या एका अंगाला माग चाले आणि दुसऱ्या अंगाला संसार.

१८३९ मध्ये लुडविक गायर यांच्या गिरणीत वाफेचे इंजिन सुरू झाले आणि १८५० च्या सुमारास रशियाच्या सीमेवरील जकात उठल्यावर वूचच्या कापडाला अफाट बाजारपेठ खुली झाली. १८२० मध्ये हजाराच्या आत असलेली वस्ती शतक सरता सरता तीन लाखांवर गेली. कारोल शायब्लर यांनी ‘क्षेन्झी म्विन’, म्हणजे ‘पाद्र्याची गिरण’, या जुन्या पाणचक्कीच्या जागी सूतगिरणीसमोर कामगारांसाठी लाल विटांच्या चाळी, शाळा आणि दुकान उभारले. ही सोय खरी होती, मात्र मालकाची सत्ता त्यामुळे कामगाराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचली, हेही विसरता येत नाही. १९०५ च्या जूनमध्ये याच शहरातले कामगार रस्ते अडवून झारच्या सैन्याशी लढले.

पोलिश, जर्मन आणि ज्यू समाजांनी मिळून घडवलेले हे शहर दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाले, ते इमारतींनी नव्हे, माणसांनी. नाझींनी १९४० मध्ये येथे घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याची वस्ती, उभारली आणि १९४४ पर्यंत तिच्यातील बहुतेकांना मृत्युछावण्यांत धाडले. त्यांच्या जाण्याने पडलेली पोकळी कोणत्याही गुंतवणुकीने भरून निघण्यासारखी नाही.

गिरण्या मात्र टिकल्या, आणि १९८९ नंतर कापडधंदा कोसळून हजारो हात रिकामे झाल्यावर त्याच विटा शहराचे भांडवल ठरल्या. इझ्राएल पोझ्नान्स्की यांच्या गिरण्यांच्या आवारात २००६ मध्ये ‘मानुफाक्तुरा’ हे बाजार व करमणुकीचे संकुल उघडले. तेथील सूतगिरणीचे पुढे हॉटेल झाले, आणि आगीच्या भयाने तिच्या छतावर बांधलेल्या पाण्याच्या टाकीत आता पाहुणे पोहतात.