हिऱ्याचे पर्यायी खडे

हिऱ्याचे पर्यायी खडे (अन्य नावे: हिरासदृश खडे, नकली हिरे) म्हणजे पैलू पाडल्यावर हिऱ्यासारखे दिसणारे, परंतु रासायनिक घडण आणि स्फटिकरचना या दृष्टींनी हिरा नसलेले रंगहीन, पारदर्शक खडे होत. घनाकृती झिर्कोनिया, मॉयसनाइट, पांढरा नीलम, नैसर्गिक झिरकॉन, पांढरा टोपाझ, स्फटिकमणी आणि शिसेयुक्त काच हे त्यांतील प्रमुख प्रकार आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा शास्त्रीय दृष्ट्या या गटात मोडत नाही. तो खाणीतल्या हिऱ्याप्रमाणेच कार्बनचा असतो. कमी किमतीमुळे ग्राहक मात्र त्याचा विचार पर्यायी खड्यांबरोबरच करतात.

या खड्यांचा मोठा वापर कर्णभूषणांत होतो. अंगठीतला खडा दिवसभर भांडी, दाराच्या कड्या, टेबलाच्या कडा यांवर आपटतो. कानातल्या खड्याला असे घर्षण क्वचितच होते. त्यामुळे अंगठीसाठी मऊ ठरणारा खडा कुडीत किंवा टॉप्समध्ये वर्षानुवर्षे टिकू शकतो. कर्णभूषण निवडताना खड्याच्या काठिण्यापेक्षा कानाला लागणारा धातू, खड्याची बसवणूक आणि पावतीवर लिहिलेले त्याचे नाव यांचे महत्त्व अधिक असते.

नावांचा गोंधळ

मराठी बाजारपेठेत या खड्यांची नावे त्यांच्या मूळ पदार्थाविषयी फारसे सांगत नाहीत, काही वेळा दिशाभूलच करतात. सर्वाधिक विकला जाणारा घनाकृती झिर्कोनिया ‘अमेरिकन डायमंड’ किंवा नुसत्या ‘एडी’ या नावाने ओळखला जातो. तो डायमंड नाही आणि त्याच्या निर्मितीचे तंत्र विकसित झाले ते सोव्हिएत संघात. याच खड्याला कित्येक दुकानांत ‘जरकन’ असेही म्हणतात. जरकन किंवा झिरकॉन हे वास्तविक झिर्कोनियम सिलिकेट या वेगळ्या, नैसर्गिक खनिजाचे नाव आहे. ‘पुष्कराज’ या शब्दाचेही तसेच आहे. कोशांत तो टोपाझसाठी येतो, तर जवाहिरे पिवळ्या नीलमाला पुष्कराज आणि रंगहीन नीलमाला ‘पांढरा पुष्कराज’ म्हणतात. टोपाझ आणि नीलम यांच्या किमतींत मोठे अंतर असल्याने हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही.

‘सिंथेटिक’ हा शब्दही सैलपणे वापरला जातो. रत्नशास्त्रात ‘कृत्रिम हिरा’ म्हणजे प्रयोगशाळेत घडलेला खरा हिरा, तर ‘हिरासदृश खडा’ म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच पदार्थ. हा फरक ध्यानात ठेवला की दुकानातील निम्मा गोंधळ मिटतो.

इतिहास

हिऱ्याची नक्कल ही आधुनिक काळाची देणगी नव्हे. अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा प्रमुख देश भारत होता, आणि जिथे हिरे तिथे त्यांच्या नकलाही होत्या. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेच्या भागात लोह, पुष्पराग, गोमेद, वैडूर्य, स्फटिक आणि निरनिराळ्या काचा यांपासून कुशल लोक हिऱ्याच्या प्रतिकृती करतात, असा उल्लेख आहे. क्षार, ओरखडा आणि शाण अर्थात घासण्याचा दगड यांनी त्यांची परीक्षा करावी, असेही तेथे सांगितले आहे. यांपैकी ओरखड्याची कसोटी तत्त्वतः आजही खरी आहे, पण घडवलेल्या दागिन्यावर ती करणे म्हणजे खडा खराब करणे होय.

युरोपात अठराव्या शतकात जॉर्ज फ्रिडरिश श्ट्रास या जवाहिऱ्याने शिसेयुक्त काचेचे खडे लोकप्रिय केले. श्रीलंकेतील रंगहीन झिरकॉन ‘मातारा हिरा’ या नावाने विकला जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यास कृत्रिम रुटाइल आणि स्ट्राँशियम टायटेनेट आले. दोन्हींत रंगीत चमक हिऱ्याहून कितीतरी जास्त होती, पण ते मऊ असल्याने लवकर मागे पडले.

खरा बदल घनाकृती झिर्कोनियाने घडवला. झिर्कोनियम डायऑक्साइड सुमारे २,७०० अंश सेल्सिअसला वितळतो, आणि त्या तापमानाला टिकेल असे भांडे मिळणे ही मोठी अडचण होती. मॉस्को येथील लेबेदेव भौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी ती भांड्यावाचूनच सोडवली. पाणी खेळवलेल्या तांब्याच्या नळ्यांच्या पिंजऱ्यात भुकटी भरून ती उच्च वारंवारतेच्या विद्युतलहरींनी आतून तापवली जाते. मधला भाग वितळतो, पण नळ्यांलगतचा थर गार राहून घट्ट कवच बनतो. म्हणजे पदार्थ स्वतःच स्वतःचे भांडे होतो. स्फटिकाची घनाकृती रचना निवल्यावरही टिकावी म्हणून त्यात यट्रियम किंवा कॅल्शियमचे ऑक्साइड मिसळतात. १९७६च्या सुमारास या खड्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि काही वर्षांतच त्याने इतर बहुतेक नकलांना बाजूला सारले.

मॉयसनाइटची कथा निराळी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी मॉयसाँ यांना १८९३मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना येथील उल्कापाताच्या विवरातील नमुन्यांत बारीक चकचकीत कण आढळले. प्रथम त्यांना ते हिरेच वाटले. १९०४मध्ये ते सिलिकॉन कार्बाइडचे असल्याचे त्यांनी ओळखले. निसर्गात हे खनिज अत्यंत दुर्मिळ असल्याने दागिन्यांतील सर्व मॉयसनाइट कारखान्यात बनलेले असते. दागिन्यांच्या बाजारात ते १९९८पासून आले.

प्रयोगशाळेतील हिरा १९५४मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत उच्च दाब आणि उच्च तापमानाच्या पद्धतीने तयार झाला. पुढे वायूतून कार्बनचे थर चढवण्याची दुसरी पद्धत विकसित झाली, आणि आज भारतात, विशेषतः सुरत परिसरात, तिचा मोठा उद्योग उभा आहे. २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांसाठी लागणाऱ्या बीजांवरील मूलभूत सीमाशुल्क रद्द करण्यात आले.

गुणधर्म

हिऱ्याचे काठिण्य मोज श्रेणीत १० असते. मॉयसनाइटचे ९.२५, नीलमाचे ९, घनाकृती झिर्कोनियाचे ८ ते ८.५, टोपाझचे ८, स्फटिकमण्याचे ७ आणि काचेचे साधारण ५ ते ६ भरते. हवेतील धुळीत स्फटिकमण्याचेच बारीक कण असतात, त्यामुळे ७हून कमी काठिण्याचा खडा नुसत्या पुसण्यानेही कालांतराने मंद होतो. काचेचे खडे काही वर्षांत निस्तेज दिसू लागतात याचे हे एक कारण आहे.

चमक दोन गोष्टींवर अवलंबून असते. अपवर्तनांक जितका अधिक, तितका प्रकाश खड्यात खेळून परत येतो. तो हिऱ्याचा २.४२, मॉयसनाइटचा सुमारे २.६५, झिर्कोनियाचा २.१५ ते २.१८, नीलमाचा १.७६ आणि टोपाझचा १.६२ आहे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाशाचे अपस्करण, अर्थात पांढऱ्या प्रकाशाचे सप्तरंगांत विभाजन. हिऱ्यासाठी हा आकडा ०.०४४, झिर्कोनियासाठी सुमारे ०.०६० आणि मॉयसनाइटसाठी ०.१०४ आहे. म्हणून मोठ्या आकाराच्या मॉयसनाइटमधून दिव्याच्या उजेडात इंद्रधनुषी ठिणग्या उडतात. काहींना त्या आवडतात, तर जाणकाराला त्यावरूनच खडा ओळखू येतो. पांढरा नीलम आणि टोपाझ टिकाऊ असले, तरी त्यांचे तेज हिऱ्यापुढे फिके पडते. केवळ ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी त्यांना अधिक किंमत मोजायची का, हे घेणाऱ्याने ठरवायचे.

आकार आणि वजन यांचा संबंधही तपासण्यासारखा आहे. सुमारे साडेसहा मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम भरतो. त्याच मापाचा मॉयसनाइट थोडा हलका असतो, तर झिर्कोनिया दीडपटीहून अधिक जड असतो. यामुळे पर्यायी खडे कॅरटऐवजी मिलिमीटरच्या मापाने घेणे श्रेयस्कर.

कर्णभूषणांतील वापर

महाराष्ट्रात कर्णभूषणांची परंपरा समृद्ध आहे. अंबरनाथ येथील शिलाहारकालीन शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्याच्या भिंतींवरील शिल्पांत, त्या काळच्या इतर मंदिरांप्रमाणेच, कानांतील ठसठशीत कुंडले दिसतात. नंतरच्या काळात कुड्या, बुगड्या, बाळ्या, झुबे, वेल आणि पुरुषांची भिकबाळी असे प्रकार रूढ झाले. मोत्यांच्या कुड्या सर्वपरिचित असल्या, तरी हिऱ्याच्या कुड्या हे संपन्न घरचे लेणे मानले जाई. तोच घाट आज झिर्कोनियात सहज मिळतो.

पर्यायी खड्यांची कर्णभूषणे मुख्यतः तीन प्रकारच्या धातूंत येतात: सोने, चांदी आणि सोन्याचे पाणी दिलेले पितळ किंवा तत्सम मिश्रधातू. शेवटच्या प्रकाराला बोलीत ‘बेन्टेक्स’ किंवा ‘एक ग्रॅम’ म्हणतात. कान नुकताच टोचला असेल किंवा त्वचा नाजूक असेल, तर या प्रकारात जपून वागावे लागते. वरचे पाणी उडाल्यावर आतील निकेल त्वचेच्या संपर्कात येते, आणि निकेलमुळे कानाच्या पाळीला खाज, लाली व पाझर होणे ही सर्वज्ञात ॲलर्जी आहे. युरोपीय संघाने टोचलेल्या भागात घालायच्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सुटू नये, अशी मर्यादा घातली आहे. स्वस्त खडा चालतो, स्वस्त दांडी चालत नाही, असे म्हणता येईल. दांडी व फिरकी सोन्याची किंवा ९२५ शुद्धतेच्या चांदीची आणि त्यावर झिर्कोनिया, ही मध्यम खर्चातील सुरक्षित जोडणी होय.

खडा धातूच्या नख्यांनी धरलेला आहे की नुसता डिंकाने चिकटवलेला आहे, हे भिंगाखाली कळते. चिकटवलेले खडे घामाने आणि पाण्याने सुटतात. बंद कोंदणात खड्याखाली चकचकीत पत्रा असेल, तर आत ओल शिरून खडा काळवंडतो. कानाजवळच्या दागिन्यांना केसांच्या तेलाचा पातळ थर लागतो व चांगला खडाही मंद वाटू लागतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी नख्यांत बसवलेल्या खड्याचे तेज परत येते. कोंदणाच्या दागिन्याला मात्र पाणी लावू नये.

वजन, पावती आणि हॉलमार्क

सोन्यात बसवलेल्या पर्यायी खड्यांबाबत ग्राहकाचे खरे नुकसान होते ते वजनकाट्यावर. दागिन्याच्या ढोबळ वजनात खड्यांचे वजन धरले गेले, तर झिर्कोनिया सोन्याच्या भावाने विकत घेतला जातो. दोन कुड्यांतील खड्यांचे एकत्रित वजन दोन कॅरट असेल, तर ते ०.४ ग्रॅम होते. सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरल्यास हा फरक चार हजार रुपयांचा. खड्यांची स्वतःची किंमत त्याच्या लहानशा अंशाइतकीही नसते. पुढे तोच दागिना मोडीत देताना सराफ खड्यांचे वजन वजा करूनच हिशेब करतो. म्हणून निव्वळ सोन्याचे वजन, खड्यांचे वजन, खड्याचे नाव आणि घडणावळ पावतीवर वेगवेगळी लिहून घेणे आवश्यक ठरते.

भारतीय मानक ब्युरोचे हॉलमार्क २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अंकाक्षरी ओळख क्रमांक नसलेले, हॉलमार्कच्या कक्षेत येणारे सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे, आणि लहान टॉप्स, बाळ्या नेमक्या याच सवलतीत बसतात. शिवाय हॉलमार्क केवळ धातूची शुद्धता सांगतो. त्यात जडवलेला खडा कोणता, याची ग्वाही त्यात नसते.

ओळख

मोकळ्या खड्यावर फुंकर मारल्यास हिऱ्यावरचे धुके क्षणात विरते, कारण हिरा उष्णतेचा उत्तम वाहक आहे. याच तत्त्वावरील उष्णतावाहकतेचे लेखणीसारखे उपकरण झिर्कोनिया व काच ओळखते, पण मॉयसनाइटला मात्र हिराच ठरवते. त्यासाठी विद्युतवाहकता मोजणारे उपकरण लागते. भिंगातून तिरपे पाहिल्यास मॉयसनाइटच्या मागील पैलूंच्या कडा दुहेरी अपवर्तनामुळे दोन-दोन दिसतात. खाणीतला आणि प्रयोगशाळेतला हिरा यांतील भेद डोळ्यांनी, भिंगाने वा या उपकरणांनी कळत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला लागतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसर

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील ही तीन शहरे ठाणे जिल्ह्यात आहेत. २०११च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५.०६ लाख, अंबरनाथची २.५३ लाख आणि कुळगाव-बदलापूरची १.७४ लाख होती. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांतून उल्हासनगर उभे राहिले. १९४९मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. लहान कारखाने आणि स्वस्त, हुबेहूब मालाची घाऊक बाजारपेठ ही त्याची ओळख बनली. येथील मालावरच्या ‘मेड इन यूएसए’मधील यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद मुंबई परिसरात सर्वश्रुत आहे. अमेरिकेशी संबंध नसलेला ‘अमेरिकन डायमंड’ या विनोदाच्या शेजारी चपखल बसतो.

या पट्ट्यातील ग्राहकाला महागड्या खरेदीसाठी मुंबईचा झवेरी बाजार लोकलच्या अंतरावर आहे. मात्र लग्नसराईतील नित्याची कर्णभूषणे बहुधा स्थानिक सराफांकडून किंवा इमिटेशन दागिन्यांच्या दुकानांतूनच घेतली जातात. गर्दीच्या लोकलमध्ये सोने घालण्याची धास्ती हेही पर्यायी खड्यांच्या पसंतीचे एक कारण आहे. एका खड्याच्या नावाखाली दुसरा दिला गेल्यास पावतीच्या आधारे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) किंवा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पावतीवर नुसते ‘एडी टॉप्स’ असे लिहिलेले असेल, तर ती तक्रार सिद्ध करणे अवघड जाते.