पाटीवर नसलेली नावं

आपल्या शाळेचं मैदान एका कुटुंबाने दान दिलेलं. फाटकाजवळच्या संगमरवरी पाटीवरचं त्यांचं नाव आपण रोज वाचायचो. पण तिथे आधी कोणाची गुरं चरत होती, हे कधी विचारलं नाही. तो प्रश्न मला पडला अमेरिकेत, वायोमिंगमधल्या ग्रँड टेटन पर्वतासमोर.

१९२६ साली जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर तिथे सहकुटुंब आले. पर्वताखालचं खोरं बेढब बांधकामांपासून वाचावं, म्हणून त्यांनी एका कंपनीमार्फत सुमारे ३५,००० एकर जमीन विकत घेतली. भाव वाढू नयेत म्हणून स्वतःचं नाव गुप्त ठेवलं. १९३० मध्ये ते फुटलं आणि गुरं पाळणारे स्थानिक लोक खवळले. चराई गेली तर गुरं न्यायची कुठे? जमीन सरकारी झाली तर काउंटीचा कर कोण भरणार? १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तिथली सरकारी जमीन संरक्षित केली, तेव्हा लोकांनी तिच्यावरून गुरांचा कळप हाकत नेऊन निषेध केला.

अखेर १९४९ मध्ये रॉकफेलरांनी जमीन देशाला दिली. १९५० च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यान विस्तारलं. सोबत जुने चराईहक्क राखले गेले आणि बुडालेल्या करापोटी काउंटीला काही वर्षं भरपाई ठरली.

जमीन पैशाने मिळाली; समझोत्याला मात्र वीस वर्षं लागली. आज ते खोरं मोकळं आहे, याचं श्रेय त्या कुटुंबाचं, तसंच हक्कासाठी भांडलेल्यांचंही.

मेळाव्याला येईन तेव्हा पाटी पुन्हा वाचेन, आणि गावातल्या जुन्या माणसांना तो राहिलेला प्रश्न विचारेन.