नाकवाले ट्रक

विंटेज मोटारींच्या मेळाव्याची छायाचित्रे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. चकचकीत क्रोम, पुसून लख्ख केलेले बॉनेट, शेजारी ऐटीत उभे असलेले मालक. मी ती आवडीने पाहतो. पण त्यांत एक गाडी मला कधी दिसत नाही आणि ती का नाही असे कुणी विचारतही नाही. मालवाहू ट्रक. ज्याने आपल्या घरची कौले, सिमेंट, गुळाच्या ढेपा आणि माझ्या शाळेची बाकेसुद्धा वाहून आणली, त्याला म्हातारपणी मेळाव्यात जागा नाही. तो थेट भंगारात जातो. आज त्याविषयी थोडे लिहावे म्हणतो.

आमचे गाव पुणे-बंगळूर रस्त्यावर, कराडच्या अलीकडे. लहानपणी आम्हाला ट्रकांची नावे पाठ होती. डॉज, फार्गो, बेडफर्ड, लेलँड कॉमेट. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून गाडी ओळखायची पैज लागायची. डॉज आणि फार्गो ही एकाच अमेरिकन कंपनीच्या गाडीची दोन नावे आहेत, हे मला फार पुढे कळले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत, कुर्ल्याला, त्या बनत. सोलापूरच्या माणसाने काढलेला कारखाना, याचा आमच्या मास्तरांना भारी अभिमान होता.

त्याआधीचा काळ परदेशी कंपन्यांचा. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, पाठोपाठ फोर्ड आली. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेले ट्रक बाजारात आले आणि कित्येकांचा वाहतुकीचा धंदा त्यांवर उभा राहिला. नुसती जोडणी नको, गाड्या इथेच बनवा, असे धोरण १९५३ साली सरकारने घेतले, तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही गाशा गुंडाळला. आणि १९५४ साली, जमशेदपूरला रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला.

तोच तो नाकवाला ट्रक. पुढे लांब बॉनेट, जाळीवर तीन टोकांचा तारा. मोठी माणसे त्याला नुसते 'मर्सिडीज' म्हणत. आज मर्सिडीज म्हटले की डोळ्यांसमोर काय येते ते सांगायला नको, पण आमच्या लहानपणी मर्सिडीजमधून कांदे यायचे! १९६९ साली करार संपला, तारा गेला आणि त्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. गाडी मात्र बराच काळ तशीच राहिली. आधीचे बहुतेक अमेरिकन ट्रक पेट्रोलवर चालत. हा डिझेलवर चालणारा आणि दणकट, म्हणून लांबच्या फेऱ्या परवडू लागल्या. अर्थात कायदा आडवा होताच. १९३९च्या मोटार कायद्याखाली परराज्यात जायचे तर त्या राज्याची वेगळी मंजुरी लागे. नॅशनल परमिट आले ते १९७५ साली. तोवर राज्याच्या हद्दीवर कागदांची भेंडोळी आणि गावोगावी जकात नाक्यांवर रांगा. मुंबईची जकात तर थेट २०१७ साली जीएसटी आल्यावर गेली.

आता मुद्द्याचे सांगतो. कारखान्यातून जी गाडी बाहेर पडे, ती पूर्ण ट्रक नसे. लोखंडी सांगाडा, इंजिन, चाके, बॉनेट आणि स्टिअरिंग, एवढेच. केबिन नाही, हौदा नाही. ड्रायव्हर डोक्याला फडके गुंडाळून उघड्यावर बसून तो सांगाडा शेकडो मैल चालवत आणी. उरलेला ट्रक गावचा सुतार, लोहार, पत्रेवाला आणि पेंटर मिळून बनवत.

आमच्या मामांची अशी सुतारशाळा होती. सुट्टीत मी तिथेच पडलेला असे. केबिनचा सांगाडा सागाचा, वरून पत्रा. हौद्याच्या तळाला बाभळीच्या जाड फळ्या, त्यांवर लोखंडी पट्ट्या. ड्रायव्हरच्या पाठीमागे माणूस पाय आखडून झोपेल एवढी फळी, टपावर ताडपत्री आणि दोरखंड ठेवायला कठडा, समोरच्या काचेच्या वर देवाची चौकट. मामा ड्रायव्हरला आधी खुर्चीवर बसवत, गुडघ्यापासून छातीपर्यंत माप घेत आणि मगच बैठक ठोकत. शिंप्याने सदरा शिवावा तसे. शेवटी पेंटर यायचा. कपाळावर 'पब्लिक कॅरिअर', फाळक्यावर कमळे, मोर आणि 'हॉर्न ओके प्लीज'. (या तीन शब्दांवर महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली. विनाकारण हॉर्न वाजतात म्हणून. कारण पटते, पण फाळका सुना वाटतो खरा.)

म्हणून कोल्हापूरकडचा ट्रक आणि पंजाबातला ट्रक, दोन्हींचे इंजिन जमशेदपूरचे असले तरी तोंडवळा वेगळा. मोटार जुनी झाली तर कंपनीची जाहिरात समोर ठेवून पूर्ववत करता येते. ट्रकचे अर्धे अंग कोणत्याच जाहिरातीत नाही. ते मामांसारख्यांच्या हातात होते आणि ती माणसे आता राहिली नाहीत.

परदेशात याची कदर आहे. इंग्लंडमध्ये जुन्या व्यापारी वाहनांची संस्था १९५८ साली निघाली. १९६२ पासून तिची लंडन ते ब्रायटन अशी जुन्या ट्रकांची फेरी सुरू झाली. अमेरिकेतली संस्था १९७१ची. तिथले हौशी लोक ट्रकच काय, मागे जोडायचे जुने ट्रेलरही खिळान्खिळा जुळवून उभे करतात. आपल्याकडे रस्त्यावर ट्रेलर दिसू लागले ते मुख्यतः न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यावर, कंटेनरबरोबर. त्यामुळे आपला जुना ऐवज म्हणजे हा लाकडी केबिनचा ट्रकच.

आणि आपला कायदा? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी, वीस हजार रुपये शुल्क, वेगळा 'व्हीए' क्रमांक. मी आनंदाने वाचायला घेतले. पुढे पाहतो तर नियम फक्त दुचाकी आणि प्रवासी मोटारींना! मालवाहू गाडी त्या व्याख्येतच नाही. त्याच वर्षी जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरणही आले. तेवढ्यात मात्र ट्रक बरोबर धरलेला आहे.

हे सगळे लिहिताना तो काळ सोन्याचा होता असे मला म्हणायचे नाही. इंजिनची धग थेट पायांवर यायची, स्टिअरिंग वळवताना खांदे भरून यायचे. खंबाटकी चढताना गाड्या तापून वाफा सोडत उभ्या. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणे टाकत ते हौसेने नव्हे, ब्रेकच्या भीतीने. आणि किन्नर, म्हणजे क्लीनर, ही पुष्कळदा शाळा सोडलेली पोरे असत. माझ्या वर्गातली दोन मुले सातवीतून अशीच गेली. एक पुढे ट्रकमालक झाला, दुसऱ्याचा ठावठिकाणा लागला नाही. २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. फार चांगले झाले.

पण आता घरचीच गोष्ट आली आहे. मामांनी आयुष्यात स्वतःसाठी एकच ट्रक घेतला, १९६७चा, ताऱ्याचा. केबिन अर्थातच त्यांच्या हातची. कोल्हापूरचा गूळ मुंबईला, येताना किराणा, अशा फेऱ्या त्याने वीस-बावीस वर्षे केल्या. नंतर पाण्याचा टँकर झाला आणि आता मामेभावाच्या मळ्यात चिंचेखाली उभा आहे. तारा कुणीतरी कधीच काढून नेला. चाके रुतली आहेत. भंगारवाला दोनदा येऊन गेला. लोखंडाचा भाव वजनावर सांगतो आणि केबिनकडे बोट दाखवून म्हणतो, लाकडाचे काही मिळणार नाही, उलट तोडायची मजुरी पडेल.

मामेभावाचा मुलगा म्हणतो, काका, इंजिन मी चालू करून दाखवतो, जुने सुटे भाग शोधले तर मिळतात. माझी काळजी उलटी आहे. लोखंड अजून पन्नास वर्षे टिकेल, केबिनला मात्र डावीकडून वाळवी लागली आहे. रस्त्यावर नेण्याचा हट्ट नाही. पत्र्याची शेड घालून पावसाच्या आत घेऊ, एवढे दोघांचे ठरले आहे. मामेभावाचा होकार अजून यायचा आहे. त्याला तिथे गोठा वाढवायचा आहे आणि त्याचेही चूक नाही.

वाळवीने खाल्लेली बाजू पुन्हा बनवायची तर ती मुळात कशी होती ते दिसायला हवे. नातेवाईक मंडळींपैकी कुणाकडे या ट्रकचा जुना फोटो असेल तर जरूर पाठवा. मामांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे वऱ्हाड त्यातूनच गेले होते, तेव्हा कुणीतरी फोटो काढले होते. माणसे दिसली नाहीत तरी चालेल, डावीकडचा दरवाजा दिसला पाहिजे.