माळढोक आणि सरकारी नकाशा

सोलापूर शहराच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर नान्नजचा माळ आहे. कुसळी गवत, मुरमाड जमीन, मधूनच एखादें बोरीचें झुडूप, एवढीच त्याची संपत्ति. घनदाट अरण्याची आवड असलेल्या प्रवाशाची दृष्टि येथें क्षणभरहि ठरावयाची नाहीं. परंतु याच उघड्या भूमीवर माळढोक पिढ्यान्‌पिढ्या नांदला. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी थोडेच. नर मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. मादी बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंहि घरट्यांत नव्हे, उघड्या जमिनीवर. गुरांचा एक पाय चुकीचा पडला कीं त्या वर्षाची संतति संपली.

बंदूक आणि जीपगाडी यांनीं त्याचा संहार केला, हें सर्वश्रुत आहे. मुंबई राज्यानें १९५१ मध्यें वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. पुढें १९६३ मध्यें राष्ट्रीय पक्षी निवडावयाचा होता, तेव्हां सलीम अली यांनीं माळढोकाचें नांव सुचविलें होतें. त्याच्या इंग्रजी नांवांत एका अक्षराची चूक झाली तर सभ्य समाजांत उच्चारतां येणार नाहीं असा शब्द होतो, म्हणून तो मागें पडला असें सांगतात! मान मोराला मिळाला. १९६९ मध्यें धर्मकुमारसिंहजी यांनीं देशांतील माळढोकांची संख्या अदमासें १२६० धरली होती. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानें त्यास पहिल्या अनुसूचींत घालून शिकार पूर्णपणें बंद केली.

बंदुकीचा बंदोबस्त झाला, पण गवताचें काय? येथें एक गमतीची गोष्ट घडली. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण भागांत चारा व सरपण वाढावें म्हणून सरकारनें माळाचे कांहीं तुकडे कुंपण घालून राखले. हेतु पक्ष्यांचा नव्हता, गुरांचा होता. चराई थांबतांच गवत गुडघाभर वाढलें, आणि माळढोक त्यांत अंडीं घालूं लागले. अभावितपणें झालेलें हें काम पुढील कित्येक योजनांहून अधिक गुणकारी ठरलें.

१९७९ मध्यें सोलापूर व तेव्हांचा अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरांचें माळढोक अभयारण्य घोषित झालें. कागदावर हा आकडा भव्य दिसतो. परंतु त्या रेषेच्या आंत गांवें होतीं, शहरें होतीं, रस्ते होते, लोहमार्ग होता. बहुतेक जमीन खाजगी मालकीची. विहीर, इमारत, जमिनीचा व्यवहार, प्रत्येक गोष्टीस अभयारण्य आडवें येऊं लागलें. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारींत आणि हरभऱ्यांत हा पक्षी टोळ व किडे टिपीत आला होता, त्याच शेतकऱ्यास तो वैरी भासूं लागला. दोष त्याचा म्हणावा काय? अखेर २०१२ मध्यें हें क्षेत्र सुमारें १२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें. तोंवर तीन दशकें तंट्यांत गेलीं होतीं.

दरम्यान माळच बदलत होता. १९८० मध्यें उजनी धरण पुरें झालें, आणि ज्वारीच्या मुलखांत ऊस शिरला. दुसरीकडे राखलेल्या गवतांतहि गिरिपुष्पासारखीं झाडें लावण्यांत आलीं. माळढोकास दूरवर मोकळें दिसलें पाहिजे. झाडी त्याला शत्रूचा आडोसा वाटते. पण महसुलाच्या भाषेंत माळ म्हणजे पडीक, आणि पडीक जागेवर झाड लावणें म्हणजे पुण्य! ज्या खात्यानें पक्षी राखावयाचा, त्याच्याच हातून हें घडावें, यांत दुष्टावा नव्हता; गवत हेंहि एक रान असतें, ही समज नव्हती.

नान्नजला आज काळविटांचे कळप दिसतात, लांडगेहि दिसतात. माळढोक मात्र महाराष्ट्रांत बोटांवर मोजण्याइतकेच उरले, आणि साऱ्या देशांत दीडशेंहून कमी. राजस्थानांत जैसलमेरनजीक २०१९ पासून अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें काम चालू झालें व त्यास यशहि आलें आहे. हीं पिलें कधीं तरी मोकळ्या माळावर सोडावीं लागतील. नान्नज हें गांव आतां द्राक्षांकरितां प्रसिद्ध आहे.