गॉर्डन, मारिया मटिल्डा ओगिल्व्ही
(३० एप्रिल १८६४–२४ जून १९३९). डोलोमाइट पर्वतांच्या संरचनेचा उलगडा करणाऱ्या आणि तितक्याच निष्ठेने लोकहितासाठी झटणाऱ्या स्कॉटिश भूविज्ञ. जन्म ॲबर्डीनशर परगण्यातील मॉनिमस्क येथे. संगीताच्या अध्ययनासाठी लंडनला गेलेल्या मारिया लवकरच विज्ञानाकडे वळल्या आणि १८९० मध्ये बी. एस्‌सी. झाल्या.

१८९१ च्या उन्हाळ्यात जर्मन भूविज्ञ फर्डिनांट फोन रिख्टहोफेन यांनी त्यांना, त्या वेळी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असलेल्या दक्षिण टायरोलचा मुलूख दाखविला व सांक्ट कासियानच्या परिसराचे सर्वेक्षण करण्याचे सुचविले. मार्गदर्शक दूर असताना, कडेकपारी पालथ्या घालून त्यांनी सूक्ष्म पण सुस्थितीतील जीवाश्म वेचले, थरांची लांबीरुंदी आखली आणि प्रवाळ व मृदुकाय प्राण्यांच्या ३४५ जातींची नोंद केली. याच कार्याबद्दल १८९३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची भूविज्ञानातील डी. एस्‌सी. मिळाली, हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. म्यूनिक विद्यापीठात शिकताना मात्र, तेथे स्त्रियांना वर्गात मज्जाव असल्यामुळे त्यांना शेजारच्या खोलीत बसून अर्धवट उघड्या दारातून व्याख्याने ऐकावी लागली. तेथेच १९०० मध्ये त्यांनी पीएच्. डी. संपादन केली.

डोलोमाइटचे सुळके म्हणजे प्राचीन प्रवाळभित्तींचेच जसेच्या तसे उरलेले अवशेष, ही तत्कालीन प्रचलित समजूत त्यांना अपुरी वाटली. भूकवचावर निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या दिशांनी आलेल्या दाबांमुळे थर पिळवटले व एकमेकांवर सरकले, आणि आजच्या रूपाचा बराचसा भाग त्या हालचालींतून घडला, असे त्यांनी प्रतिपादन केले. हीच त्यांची सर्वांत मोलाची कामगिरी होय. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत म्यूनिकला मुद्रणासाठी दिलेले हस्तलिखित गहाळ झाले, तेव्हा त्यांनी पुन्हा डोंगर गाठले व १९२७ मध्ये आपला बृहद्‌ग्रंथ जर्मनमध्ये प्रसिद्ध केला.

ॲबर्डीनचे वैद्य जॉन गॉर्डन यांच्याशी १८९५ मध्ये विवाह झाल्यावर संसार सांभाळून त्यांनी स्त्रिया व मुलांच्या प्रश्नांना वाहून घेतले. शाळा सोडणाऱ्या मुलामुलींना योग्य रोजगार निवडता यावा म्हणून १९०८ मध्ये त्यांनी व्यवसायांची मार्गदर्शिका तयार केली. १९१६ ते १९२० या काळात त्या ब्रिटनच्या राष्ट्रीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. पुढे लंडनमध्ये दंडाधिकारी म्हणूनही त्यांनी काम पाहिले. १९३२ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने त्यांना लायल पदक दिले, तर १९३५ मध्ये ‘डेम’ हा किताब मिळाला. लंडन येथे त्यांचे निधन झाले. डोलोमाइटमध्ये सापडलेल्या एका जीवाश्म नेच्याच्या प्रजातीला ‘गॉर्डनोप्टेरिस’ हे नाव त्यांच्यावरून देण्यात आले आहे.